विचारायला लाज कसली?

गेल्या वर्षी आमच्या भिशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक प्रसंग घडला आणि दोन घरांतलं बोलणंच बंद झालं. झालं असं, आमच्यातल्या एका मैत्रिणीचे सासरे गेले. वय झालं होतं, बरेच दिवस अंथरुणाला खिळून होते, पण शेवटी घरातलं मोठं माणूस ते! सकाळी ग्रुपवर बातमी आली आणि एकामागून एक ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ सुरू झाल्या. त्यातच आमच्या गल्लीतल्या काकूंचाही मेसेज आला. ‘अण्णा देवमाणूस होते.’ त्यापुढे इंग्रजीत तीन अक्षरं, एल-ओ-एल. आणि त्यापुढे डोळ्यांतून पाणी काढणारे पाच पिवळे चेहरे.

काकूंना बिचाऱ्यांना वाटलं, आपण मनापासून दुःख कळवलं. पण ते चेहरे रडणारे नव्हते, हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले होते. आणि एल-ओ-एल म्हणजे ‘लाफिंग आउट लाऊड’, मोठमोठ्याने हसणे! मैत्रिणीची लेक पुण्याला शिकते. तिने ते वाचलं आणि आईला म्हणाली, ‘आजोबा गेले आणि या काकू हसतायत?’ झालं. त्या घरून काकूंना तेराव्याचं बोलावणं गेलं नाही. रस्त्यात भेट झाली तरी तोंड फिरवून जायचे. काकूंना कारणच कळेना. दोन महिने त्या झुरत होत्या.

शेवटी एक दिवस माझ्याकडे आल्या, फोन पुढे केला आणि म्हणाल्या, ‘बघ गं, माझं काय चुकलं?’ मी वाचलं आणि कपाळाला हात लावला. ‘काकू, हे एल-ओ-एल तुम्ही का लिहिलंत?’ तर म्हणाल्या, ‘माझी भाची प्रत्येक मेसेजच्या शेवटी लिहिते. मला वाटलं, आपण पत्राच्या शेवटी लोभ असावा लिहायचो ना, तसंच काहीतरी असेल.’

आता यावर हसावं की रडावं? पण मैत्रिणींनो, काकूंना हसण्याआधी एक गोष्ट ऐका. इंग्लंडचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन! त्यांची तर मातृभाषाच इंग्रजी. ते आपल्या ओळखीच्या एका वृत्तपत्राच्या संपादिकेला, रिबेका ब्रुक्स यांना, मेसेज पाठवताना शेवटी एल-ओ-एल लिहायचे. त्यांना वाटायचं त्याचा अर्थ ‘लॉट्स ऑफ लव्ह’, म्हणजे भरपूर प्रेम. शेवटी ब्रुक्सबाईंनीच त्यांना खरा अर्थ सांगितला. ही हकिकत 2012 मध्ये तिथल्या एका चौकशीत त्यांनीच सांगितली आणि जगभर छापून आली. पंतप्रधान चुकू शकतात, तर सातवी शिकलेल्या आमच्या काकूंनी काय घोडं मारलंय?

शनिवारची वही

मी काही कॉम्प्युटरवाली बाई नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झाले, लग्न झालं, संसारात पडले. मुलं मोठी झाल्यावर बचत गटाच्या कामात शिरले. एमएस-सीआयटीचा कोर्सही पस्तिशी उलटल्यावर केला, तोही माझ्या मुलीच्या वयाच्या पोरींच्या शेजारी बसून. माउस हातात धरला तेव्हा हात थरथरत होता. तेव्हा जे कळत नाही ते विचारायची लाज काय असते, हे मला चांगलं ठाऊक आहे.

काकूंच्या प्रकारानंतर आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलं, दर शनिवारी दुपारी समाजमंदिरात तासभर बसायचं. मधे एक दोनशे पानी वही ठेवायची. आठवडाभरात फोनवर, बँकेत, मुलांच्या बोलण्यात जो शब्द अडला तो वहीत लिहायचा. कुणी लिहिला ते नाव घालायचं नाही. मग सगळ्यांनी मिळून त्याचा अर्थ शोधायचा. ही वही आता निम्म्याहून जास्त भरलीय. त्यातलंच थोडंसं आज तुमच्यासाठी.

ही लघुरूपं आली कुठून?

वहीतलं पहिलं पान अर्थातच एल-ओ-एलचं. त्याच्याखाली ओएमजी, म्हणजे ‘ओ माय गॉड’, आपलं ‘अगं बाई!’. बीआरबी म्हणजे ‘आलेच हं एवढ्यात’. टीसी म्हणजे ‘काळजी घे’, रेल्वेतला तिकीट तपासनीस नव्हे! एचबीडी म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा. एफवायआय म्हणजे ‘तुमच्या माहितीसाठी’. एएसएपी म्हणजे ‘होईल तितक्या लवकर’. ऑफिसातून किंवा शाळेतून असा मेसेज आला तर काम तातडीचं समजावं. डीपी म्हणजे आपल्या नावाशेजारी दिसणारा फोटो. डीएम म्हणजे सगळ्यांसमोर न बोलता एकट्याला पाठवायचा निरोप. आरआयपी म्हणजे ‘आत्म्यास शांती लाभो’. पण खरं सांगू? दुःखाच्या प्रसंगी ही तीन अक्षरं टाकून मोकळं होण्यापेक्षा चार शब्द मराठीत लिहिलेले बरे वाटतात.

एवढी काटकसर कशासाठी, असा प्रश्न आमच्या एका ताईंनी विचारला. त्याचं कारण आहे. मोबाइलवरचा पहिला एसएमएस 3 डिसेंबर 1992 ला इंग्लंडमध्ये पाठवला गेला, ‘मेरी ख्रिसमस’ असा. एका एसएमएसमध्ये इंग्रजीची फक्त 160 अक्षरं मावत. प्रत्येक एसएमएसला पैसे पडत. मग पोरांनी शब्दांना कात्री लावली. आपल्याकडेही तेव्हा दिवाळीला आणि एकतीस डिसेंबरला एसएमएसचे जास्तीचे पैसे लागायचे, आठवतंय ना? आता मेसेजला पैसे लागत नाहीत, पण सवय राहिली ती राहिलीच.

आणि हे सगळं आजकालच्या पोरांचं फॅड आहे असंही समजू नका. ओएमजी हे लघुरूप ब्रिटिश नौदलाचे ॲडमिरल लॉर्ड फिशर यांनी 1917 साली चर्चिल यांना लिहिलेल्या पत्रात वापरलेलं आहे. फिशरसाहेब तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते!

एवढ्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या आजीच्या ट्रंकेतलं जुनं पोस्टकार्ड काढून बघा. सुरुवातीला ‘सा. न. वि. वि.’, म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष. मधे ‘चि.’, ‘सौ.’, ‘ती.’ आणि शेवटी ‘क. लो. अ.’, म्हणजे कळावे, लोभ असावा. सगळं संपल्यावर कोपऱ्यात ‘ता. क.’. पोस्टकार्डावरही जागा कमीच असायची हो! आपल्या मुलांना विचारा ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे काय. माझ्या मुलाला नाही सांगता आलं. तेव्हा मी त्याला म्हटलं, ‘बघ, तुझं बीआरबी मला कळत नाही आणि माझं सानविवि तुला कळत नाही. फिट्टंफाट!’

पिवळ्या चेहऱ्यांची भाषा

काकूंना त्या चेहऱ्यांनीही फसवलं. या चित्रांना इमोजी म्हणतात. इमोशनवरून इमोजी असं वाटतं, पण शब्द जपानी आहे. ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. चित्राक्षर म्हणा ना! जपानमधल्या एका मोबाइल कंपनीसाठी शिगेताका कुरिता यांनी 1999 मध्ये अशी 176 छोटी चित्रं तयार केली. त्याच्याही आधी, 19 सप्टेंबर 1982 ला, स्कॉट फाहलमन या अमेरिकेतल्या प्राध्यापकांनी अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस जोडून हसरा चेहरा करायचं सुचवलं होतं. कारण काय, तर कॉम्प्युटरवर लिहिलेला विनोद लोकांना विनोद म्हणून कळत नव्हता आणि भांडणं होत होती.

पाहा म्हणजे! समोरासमोर बोलताना आपला आवाज, चेहरा, हातवारे असतात. ‘शहाणीच आहेस!’ हे हसत म्हटलं तर लाड, डोळे वटारून म्हटलं तर राग. लिहिलेल्या अक्षरात ते कळत नाही. म्हणून हे चेहरे आले. पण ते नीट ओळखता आले पाहिजेत.

काकूंना मी फोनवर मोठं करून दाखवलं. ज्या चेहऱ्याचं तोंड उघडं आहे, वरचे दात दिसतायत आणि दोन्ही डोळ्यांच्या कडेला एकेक टपोरा थेंब आहे, तो हसणारा. 2015 मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशवाल्यांनी ‘वर्षाचा शब्द’ म्हणून शब्द न निवडता हाच चेहरा निवडला होता. ज्याच्या दोन्ही डोळ्यांतून पाण्याच्या धारा गालावर वाहतायत, तो रडणारा. चष्मा लावल्याशिवाय दोन्ही सारखेच दिसतात! म्हणून आमच्या वहीत नियम आहे, दुःखाच्या बातमीला चेहरे टाकायचेच नाहीत. जोडलेले हात पुरेत. तेही जपानात ‘कृपया’ आणि ‘आभारी आहे’ म्हणून वापरतात, पण आपल्याला ते नमस्कारच वाटतात आणि त्यात काही बिघडत नाही.

आणखी एक सोय लक्षात ठेवा. व्हॉट्सॲपवर चुकीचा मेसेज गेला, तर त्यावर बोट दाबून धरायचं आणि ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायचं. साधारण दोन दिवसांच्या आत तो सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. नुसता एखादा शब्द चुकला असेल, तर पंधरा मिनिटांच्या आत ‘एडिट’ करून सुधारताही येतो. काकूंना हे तेव्हा माहीत असतं, किंवा आमच्यापैकी कुणी त्यांना फोन करून सांगितलं असतं, तर एवढं रामायण झालंच नसतं. ग्रुपवर आम्ही बाविसजणी होतो. बऱ्याचजणींनी ते वाचलं, काहींना अर्थही कळला, पण एकीनेही काकूंना फोन केला नाही. त्या बाविसात मीही होते. मेसेज वरवर वाचून मी पुढे गेले होते. याची मला आजही बोचणी आहे.

पाहुण्यासारखं वागावं

आपण कुणाच्या घरी जातो तेव्हा चप्पल बाहेर काढतो, वेळ बघून जातो, दुसऱ्याच्या कपाटाला हात लावत नाही. फोनवरच्या जगातही असंच आहे. इंग्रजीत याला ‘नेटिकेट’ म्हणतात, नेटवरचे एटिकेट. 1995 मध्येच या शिष्टाचारांची एक लेखी नियमावली तयार झाली होती. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं तेही त्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1995 ला. म्हणजे नियम आपल्याआधी नाही, आपल्याबरोबरच आले. आपणच ते वाचले नाहीत!

त्या नियमावलीतली एक गोष्ट मला फार आवडली. इंग्रजीत सगळी मोठी अक्षरं लिहिली, तर ते ओरडल्यासारखं वाटतं. आमच्या एक वहिनी सुनेला कायम मोठ्या अक्षरांत मराठी लिहायच्या, कारण बारीक अक्षर त्यांना दिसायचं नाही. सूनबाईंना वाटायचं सासूबाई रागावल्यात. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वाढवता येतो, हे कळल्यावर दोघींचंही काम झालं.

बाकीचे नियम आम्ही आमच्या अनुभवाने लिहिले. पहाटे पाचला ‘शुभ सकाळ’ची फुलं पाठवायची नाहीत, कुणाच्या घरी आजारी माणूस असतं, कुणाची रात्रपाळी असते. न विचारता व्हिडिओ कॉल लावायचा नाही. समोरची बाई न्हाऊन केस पुसत असते. चौघींच्या ग्रुपवर एकीचं काम काढायचं नाही. दुसऱ्याच्या मुलीचा, सुनेचा फोटो तिला विचारल्याशिवाय कुठेही टाकायचा नाही, हळदीकुंकवाचासुद्धा. मेसेजवर दोन निळ्या खुणा दिसल्या, म्हणजे वाचलं; पण उत्तर आलं नाही म्हणून रुसायचं नाही. तिच्या कुकरची तिसरी शिट्टी होत असेल! आणि ग्रुपमधून बाहेर पडणं म्हणजे नातं तोडणं नव्हे, हेही एकदा मनाशी पक्कं करायचं.

पण सगळ्यात मोठा नियम ‘पुढे पाठवा’चा. ‘हा मेसेज अकरा जणांना पाठवा’, ‘मुलं पळवणारी टोळी आलीय, सावध राहा’ असं काही आलं की आपण काळजीपोटी लगेच पाठवतो. आपला हेतू चांगलाच असतो. पण 1 जुलै 2018 चा तो रविवार आठवा. धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. का, तर मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशी अफवा फोनवरून पसरली होती. ती अफवा पुढे पाठवणाऱ्यांत कितीतरी आयाही असतील आणि आपण चांगलंच करतोय असंच त्यांना वाटलं असेल. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल 2020 मध्ये, फार वेळा फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असा मेसेज ओळखायची खूण म्हणजे त्याच्यावर दोन बाण दिसतात. दोन बाण दिसले की आमच्या गटात म्हणतात, ‘हे उष्टं आहे गं, पुढे वाढू नको!’

ओटा, फडताळ आणि किडा

कॉम्प्युटरचे शब्द आले की बायका मागे सरकतात. पण घरातल्या वस्तूंशी जोडलं की लगेच कळतात. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. त्यावर जेवढी जागा, तेवढी कामं एकदम करता येतात. एका वेळी पन्नास भांडी काढून ठेवलीत की हात हलत नाही. तसंच सगळी ॲप उघडी ठेवली की फोन रेंगाळतो. स्टोरेज म्हणजे फडताळ. ते भरलं की ‘स्टोरेज फुल’ असं येतं. ते बहुतेक वेळा आलेल्या फुलांच्या आणि देवांच्या फोटोंनीच भरलेलं असतं. देवाची क्षमा मागून पुसून टाकायचे! डाउनलोड म्हणजे बाहेरची वस्तू घरात आणणं, अपलोड म्हणजे घरची वस्तू बाहेर नेऊन ठेवणं. बॅकअप म्हणजे दागिन्यांची आणि कागदपत्रांची दुसरी यादी करून माहेरी ठेवावी तसं, फोन हरवला तरी फोटो हरवत नाहीत. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही, दुसऱ्याच्या मोठ्या कॉम्प्युटरवर आपल्या नावाचा भाड्याचा कप्पा. कुकी म्हणजे बिस्किट नव्हे. किराणा दुकानदार जसं ‘यांच्याकडे साखर दोन किलो लागते’ हे लक्षात ठेवतो, तसं आपण काय पाहिलं याची त्या जागेने आपल्याच फोनमध्ये ठेवलेली चिठ्ठी. म्हणून एकदा कुकर बघितला की आठवडाभर कुकरच्याच जाहिराती दिसतात.

आणि बग म्हणजे दोष, बिघाड. हा शब्द इंजिनीअर लोक आधीपासून वापरत होते. पण 9 सप्टेंबर 1947 ला अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका अवाढव्य कॉम्प्युटरमध्ये खरोखरच एक पतंग अडकलेला सापडला. ग्रेस हॉपर या गणितज्ञ बाई ज्या चमूत होत्या, त्या चमूने तो वहीत चिकटवून ठेवला आणि खाली लिहिलं, खरा किडा सापडल्याची ही पहिलीच वेळ! हे सांगितल्यावर आमच्या एक आजी म्हणाल्या, ‘म्हणजे मशीन बिघडायला किडा पुरतो, मग मी बोट लावलं म्हणून बिघडेल असं घरचे का म्हणतात?’ सगळ्याजणी पोट धरून हसलो. पण आजी बोलल्या ते खरंच आहे. आपण बोट लावल्याने फोन मोडत नाही. फक्त पैसे मागणारी, पासवर्ड मागणारी आणि ‘परवानगी द्या’ म्हणणारी जागा आली की थांबायचं.

हे शब्द मात्र पाठच करा

आता थोडं गंभीर बोलते. आमच्या ओळखीतल्या एका बाईंनी शिवणाचं नवं मशीन घ्यायला दोन वर्षांत अठरा हजार रुपये साठवले होते. एक दिवस फोन आला, ‘बँकेतून बोलतोय, तुमचं केवायसी संपलंय, खातं बंद होईल. मोबाइलवर ओटीपी येईल तो सांगा.’ केवायसी म्हणजे काय आणि ओटीपी म्हणजे काय, दोन्ही त्यांना माहीत नव्हतं. विचारलं तर समोरचा माणूस हसेल, म्हणून त्यांनी आकडे सांगून टाकले. पाच मिनिटांत खातं रिकामं झालं. पण त्याहून वाईट पुढेच आहे. त्यांनी घरी सांगितलंच नाही. ‘यजमान म्हणतील, तुला कुणी सांगितलं होतं फोन वापरायला? आणि फोन काढून घेतील.’ तिसऱ्या दिवशी माझ्याकडे आल्या, रडून रडून डोळे सुजलेले. आम्ही तक्रार केली, पण तोवर पैसे कुठल्या कुठे गेले होते. ते परत मिळाले नाहीत.

म्हणून हे शब्द नुसते वाचू नका, पाठ करा. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारी किल्ली. आपल्या तिजोरीची किल्ली फोनवरच्या अनोळखी माणसाला कुणी देतं का? बँक ती कधीही तोंडी मागत नाही. केवायसी म्हणजे आपली ओळखपत्रं बँकेत दाखल करणं. शंका आली तर पासबुक घेऊन सरळ शाखेत जायचं. पिन म्हणजे पैसे देतानाची सही. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. कुणी म्हणालं, ‘तुम्हाला पैसे पाठवतोय, पिन टाका’, तर खुशाल फोन ठेवून द्या. क्यूआर कोडचंही तसंच. दुसऱ्याचा कोड आपण स्कॅन करून पिन टाकतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी नव्हे.

एपीके म्हणजे फोनमध्ये नवं ॲप बसवणारी फाइल. लग्नपत्रिका, बँकेची नोटीस, गाडीचा दंड अशा नावाने ती व्हॉट्सॲपवर येते. उघडून बसवली आणि मागेल त्या परवानग्या दिल्या, की आपले मेसेज, त्यातले ओटीपीसुद्धा, चोराला दिसू शकतात. पत्रिका कधी फोटो असते, कधी पीडीएफ असते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ती पत्रिका नव्हेच, मग ती सख्ख्या भावाच्या नंबरवरून का आलेली असेना! त्याचाच फोन आधी फसलेला असू शकतो.

आणि ‘डिजिटल अरेस्ट’. व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या वेषातला माणूस म्हणतो, तुम्हाला अटक झालीय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कुणाला सांगू नका. अशी अटक कायद्यात नाहीच. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्येही हे सांगितलं होतं: थांबा, विचार करा आणि मग कृती करा. ‘कुणाला सांगू नका’ असं जो म्हणतो, तो चोर. एवढी एकच खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

तरीही फसलोच, तर नंबर आहे 1930. हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. जितक्या लवकर फोन कराल, तितकी पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त. आमच्या गटातल्या प्रत्येकीने तो स्वयंपाकघरात, गॅसच्या नंबरशेजारी लिहून ठेवलाय. तुम्हीही आजच लिहा.

घरच्यांनाही दोन शब्द

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या खजिनदार ताईंचा दुपारी फोन आला. ‘ताई, मामेभावाच्या नंबरवरून लग्नपत्रिका आलीय, पण त्याच्याकडे तर लग्नाचं कुणीच नाही. आणि शेवटी एपीके लिहिलंय. हे वहीतलंच ना?’ मी म्हटलं, ‘तेच! हात लावू नका, पुसून टाका आणि भावाला फोन करा.’ त्यांच्या फोनवर गटाच्या खात्याचे मेसेज येतात. चौदाजणींचे पैसे आहेत त्यात. एका प्रश्नाने ते वाचले. ताई चौथी शिकलेल्या आहेत. शिक्षण कामी आलं नाही, विचारणं कामी आलं.

म्हणून मुलांना, यजमानांना माझी हात जोडून विनंती आहे. आई एकच गोष्ट तिसऱ्यांदा विचारेल, बायको चुकीचं बटण दाबेल. हसू नका. ‘तुला नाही कळायचं’ म्हणून फोन हातातून ओढून घेऊ नका. ज्या बाईला विचारल्यावर घरात टोमणा मिळतो, ती पुढच्या वेळी घरात विचारत नाही. मग फोनवरचा गोड बोलणारा अनोळखी माणूस तिला जवळचा वाटतो. आणि फसलीच, तर तिच्यावर ओरडायला आयुष्य पडलंय. आधी 1930 लावा.

आणि मैत्रिणींनो, आपणही विचारायला शिकू या. पोराला पहिलं अक्षर कुणी शिकवलं? आपणच ना? मग त्याच्याकडून चार अक्षरं शिकून घेण्यात कसला कमीपणा?

हो, काकूंचं काय झालं ते राहिलंच. मी त्यांना घेऊन त्या मैत्रिणीकडे गेले. काकूंच्या भाचीचे जुने मेसेज दाखवले, लोभ असावाची गोष्ट सांगितली. मैत्रीण आधी गप्प बसली, मग तिचे डोळे भरून आले. म्हणाली, ‘काकू, मी तुम्हाला एका शब्दाने विचारायला हवं होतं.’ पुण्याच्या लेकीने तर काकूंच्या शेजारी बसून त्यांच्या फोनवर मराठी कीबोर्ड सुरू करून दिला.

आता काकू सगळं मराठीतच लिहितात. परवा माझ्या वाढदिवसाला त्यांचा मेसेज आला. एकही चेहरा नाही, एकही इंग्रजी अक्षर नाही. ‘अनेक उत्तम आशीर्वाद. तब्येतीला जप. कळावे, लोभ असावा.’ मी तो अजून पुसलेला नाही.